वस्तीच्या हातातील कॅमेरा : रोमा वस्त्यांच्या अनुभवावरून कोल्हापुरात काम कसे उभारावे

रुमानियातील क्लुज-नापोका शहराच्या मध्यभागी कोआस्तेई रस्त्यावर राहणाऱ्या ७६ कुटुंबांना १७ डिसेंबर २०१० रोजी, ऐन हिवाळ्यात, तेथून उठवण्यात आले. ही कुटुंबे बहुतांशी रोमा समाजाची होती आणि त्यांतील अनेकांना शहराच्या कचराडेपोलगतच्या पाता रात या भागात नेऊन ठेवण्यात आले. कोसोवोतील मित्रोवित्सा येथे १९९९ च्या संघर्षात घरे जळालेल्या रोमा कुटुंबांना ज्या छावण्यांत ठेवले गेले, त्या त्रेप्चा या शिशाच्या खाणउद्योगाच्या टाकाऊ ढिगांजवळ होत्या. मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण धोकादायक असल्याचे आढळल्यानंतरही लोक तेथे वर्षानुवर्षे राहत होते. युरोपियन एन्व्हायर्न्मेंटल ब्युरो या संस्थेने २०२० साली मध्य आणि पूर्व युरोपातील पाच देशांमधील अशा ३२ ठिकाणांची पाहणी प्रसिद्ध केली. नळाचे पाणी नाही, कचरा उचलला जात नाही, आणि पुराची किंवा विषारी झालेली जमीनच राहायला मिळते, हे या वस्त्यांचे सारखे दुखणे आहे.

रोमा हा युरोपातील सर्वांत मोठा अल्पसंख्य समाज असून त्याची लोकसंख्या एक कोटी ते एक कोटी वीस लाखांच्या दरम्यान मानली जाते. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून बाहेर पडले, हे भाषेच्या आणि जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. कोल्हापूरच्या वाचकाला त्यांचा अनुभव ओळखीचा वाटेल तो मात्र आजच्या परिस्थितीमुळे. नाल्याच्या काठी, पूररेषेच्या आत किंवा कचऱ्याच्या ढिगाशेजारी कोण राहते, आणि तेथील तक्रार किती वर्षे टेबलावर पडून राहते, हे प्रश्न पंचगंगेच्या काठीही तितकेच खरे आहेत. नदी, नाला, धूर आणि कचरा यांचा त्रास कोणाच्या वाट्याला येतो आणि तो ठरवताना त्यांना विचारले जाते का, यालाच पर्यावरणीय न्यायाचा प्रश्न म्हणतात. त्या प्रश्नावर वस्तीने स्वतः काढलेली छायाचित्रे कशी उपयोगी पडतात आणि ते काम कोणत्या क्रमाने करावे, हे येथे मांडले आहे.

आधी कॅमेऱ्याचा जुना इतिहास

कामाची सुरुवात फोनपासून करू नये. ज्या समाजांविषयी आपण बोलत आहोत, त्यांच्यावर कॅमेरा फार पूर्वीपासून रोखलेला आहे. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने भटक्या लोकांना छायाचित्र, बोटांचे ठसे आणि शरीराची मापे असलेली पुस्तिका सतत जवळ बाळगावी लागत असे; ती पद्धत १९६९ साली संपली. जर्मनीत नाझी राजवटीच्या काळात रॉबर्ट रिटर या डॉक्टराच्या पथकाने रोमा आणि त्यांच्याशी नाते असलेल्या सिंती लोकांची छायाचित्रे, मापे आणि वंशावळी गोळा केल्या, आणि त्या नोंदींचा उपयोग या लोकांना छळछावण्यांत पाठवण्यासाठी झाला. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींची नावे रजिस्टरात चढवली आणि त्यांच्यावर पोलिसांकडे हजेरी देण्याची सक्ती केली. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली. कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकून राहिला.

त्यामुळे भटक्या-विमुक्तांच्या वस्तीत कोणी कॅमेरा घेऊन आले आणि एखाद्या आजीने “फोटो कशाला पायजे?” असे विचारले, तर तो प्रश्न अडाणीपणाचा समजू नये. तो अनुभवातून आलेला आहे आणि त्याला पूर्ण उत्तर मिळेपर्यंत एकही छायाचित्र काढू नये. छायाचित्र कोण काढणार, कशाचे काढणार, ते कोठे राहणार आणि कोणाला दाखवले जाणार, या चारही गोष्टी वस्तीनेच ठरवायच्या आहेत. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याने, प्राध्यापकाने किंवा पत्रकाराने त्यातील एक जरी निर्णय परस्पर घेतला, तरी काम पुन्हा त्या जुन्या रजिस्टराच्या वाटेने जाते, असे माझे ठाम मत आहे.

या पद्धतीला जगभर फोटोव्हॉइस म्हणतात. कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतातील खेड्यांमधील स्त्रियांच्या हाती कॅमेरे देऊन ती विकसित केली. तिच्या मुळाशी ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांचा विचार आहे: ज्यांच्यावर परिस्थिती लादली गेली आहे, त्यांनीच ती पाहावी, तिच्याविषयी बोलावे आणि तिची कारणे शोधावीत. छायाचित्र हे त्या बोलण्याचे निमित्त असते.

गट आणि संमती

आठ ते बारा जणांचा गट पुरेसा होतो. त्यात निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात, कारण पाणी भरणे, कपडे धुणे, आजारी मुलाला दवाखान्यात नेणे ही कामे त्यांच्याकडे असतात आणि त्रास कोठे सुरू होतो हे त्यांना आधी कळते. एकदोन म्हातारी माणसे असावीत. नाला पूर्वी कसा होता, हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. कचरावेचणी किंवा भंगाराचे काम करणाऱ्यांना आवर्जून घ्यावे. मंडळाच्या अध्यक्षाने किंवा माजी नगरसेवकाने गट ठरवून दिला, तर त्यांच्या जवळचीच नावे येतात, म्हणून गल्लीगल्लीत बसून नावे घ्यावीत. महागडा कॅमेरा आणू नये. साधा स्मार्टफोन आणि एक पॉवर बँक एवढ्यावर काम होते, आणि फोन गटातल्याच माणसांचे असल्यास बाहेरचे कोणी निघून गेले तरी काम थांबत नाही.

संमती एकदा सही घेऊन संपवण्याची गोष्ट नाही. तीन परवानग्या स्वतंत्रपणे विचाराव्यात: छायाचित्र काढण्याची, ते प्रदर्शनात किंवा मोबाइलवरून लोकांना दाखवण्याची, आणि तक्रारीला, वर्तमानपत्राला किंवा न्यायालयाला देण्याची. एखाद्या बाईला पहिली मान्य आणि तिसरी अमान्य असू शकते. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांची संमती त्यांच्याच बोलीत आवाजात नोंदवावी. दिलेली परवानगी पुढे केव्हाही मागे घेता येते हे पहिल्याच दिवशी सांगावे आणि कोणी ती मागे घेतली, तर कारण न विचारता ते छायाचित्र बाजूला काढावे. मुलांचे चेहरे शक्यतो टाळावेत. घ्यायचेच असतील तर पालकांबरोबर मुलालाही विचारावे.

एक धोका आधीच बोलून ठेवला पाहिजे. ज्या घरांना जागेचा कागद नाही, तेथे ठिकाणाच्या नोंदीसह काढलेले छायाचित्र अतिक्रमणाचा पुरावा म्हणून त्यांच्याविरुद्धच वापरले जाऊ शकते. पाता रातसारख्या ठिकाणी घाणीचे कारण पुढे करून लोकांनाच पुन्हा हलवले जाण्याची भीती असते, आणि ती भीती आपल्याकडेही निराधार नाही. म्हणून कॅमेऱ्याचे तोंड घराकडे न ठेवता त्रासाच्या उगमाकडे ठेवावे, आणि प्रत्येक छायाचित्राची ठिकाणासह मूळ प्रत वेगळी व ठिकाणाची नोंद काढलेली सार्वजनिक प्रत वेगळी, अशी विभागणी पहिल्या दिवसापासून करावी.

काय टिपावे आणि कसे

रोमा वस्त्यांची बाहेरच्यांनी काढलेली अनेक छायाचित्रे एकाच साच्याची असतात: कचऱ्याचा ढीग आणि त्याच्यासमोर अनवाणी मूल. पाहणाऱ्याच्या मनात त्यातून एवढेच ठसते की हे लोक घाण करतात. कोल्हापुरातही नाल्यात प्लॅस्टिक दिसले की बोट काठच्या वस्तीकडे वळते, मग ते प्लॅस्टिक वरच्या कोणत्या कॉलनीतून वाहत आले असो. म्हणून घाणीचे छायाचित्र एकटे कधीच देऊ नये. त्याच्याबरोबर ती घाण येथे कशी पोहोचली हे दाखवणारे दुसरे छायाचित्र असलेच पाहिजे: नाल्याला मिळणारे वरचे पाइप, मोडलेला किंवा गायब झालेला कोंडाळा, टिपर जेथून मागे फिरतो ते वळण, मैलायुक्त पाणी जेथे गटार सोडून रस्त्यावर येते ते चेंबर. आणि तिसरे छायाचित्र वस्तीने स्वतः राखलेल्या स्वच्छतेचे असावे. सारवलेले अंगण, झाकून ठेवलेले पाण्याचे पिंप, पदरमोड करून टाकलेली फरशी ही चित्रे शोभेसाठी नाहीत. दोष कोणाचा आहे हे ठरवताना त्यांचा उपयोग होतो.

प्रत्येक जागेची तीन अंतरांवरून छायाचित्रे घ्यावीत. लांबून घेतलेल्या चित्रात पूल, देऊळ, तालमीची इमारत, विजेच्या खांबावरील क्रमांक अशी ओळखीची खूण यावी. मधल्या अंतरावरून त्रास आणि त्याचा उगम एकत्र दिसावेत. जवळून तपशील यावा आणि त्यात माप कळण्यासाठी मोजपट्टी किंवा टेप ठेवावा. ज्या जागेचा पाठपुरावा करायचा आहे, तेथे जमिनीवर रंगाची खूण करून दर वेळी त्याच खुणेवर उभे राहावे, त्याच दिशेने आणि शक्यतो त्याच वेळी छायाचित्र घ्यावे. एका दिवसाचे विदारक चित्र “त्या दिवशी तसे झाले असेल” म्हणून झटकता येते. दर सोमवारी सकाळी सात वाजता घेतलेली तीन महिन्यांची मालिका झटकणे कठीण असते.

पाण्यासाठी एक सोपी रीत आहे. नळाचे किंवा नाल्याचे पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत भरावे, मागे पांढरा कागद धरावा आणि कागदावर तारीख, वेळ व जागा ठळक लिहून छायाचित्र घ्यावे. रंग आणि गाळ यांतून दिसतो, परंतु पाणी पिण्यास घातक आहे हे छायाचित्राने सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेची तपासणीच लागते. इचलकरंजीत २०१२ साली दूषित पाण्यातून काविळीची जी साथ पसरली, तसा आजार नितळ दिसणाऱ्या पाण्यातूनही होऊ शकतो. म्हणून घरात काविळीचा किंवा जुलाबाचा रुग्ण आढळताच बाटलीच्या छायाचित्राची वाट न पाहता आरोग्य विभागाला कळवून नमुना घेण्याची मागणी करावी.

पंचगंगेच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम साधारणपणे हिवाळ्यात असतो आणि त्यानंतर नदीचा प्रवाह मंदावतो. फेसाळलेले किंवा काळे पाणी, केंदाळाने झाकलेले पात्र आणि मेलेल्या माशांचा थर ही दृश्ये याच काळात अधिक दिसतात. शहराचे सांडपाणी वाहून आणणाऱ्या जयंती नाल्यावरील पंपांचा उपसा बंद पडला की सांडपाणी थेट नदीत मिसळते. मेलेले मासे काही तासांत वाहून जातात किंवा उचलले जातात, त्यामुळे अशा दिवशी कोणी कोठे जायचे हे गटाने आधीच वाटून घेतलेले असावे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला पाणी कोठपर्यंत ठीक होते आणि कोठून बिघडले, ही सीमा टिपणे माशांच्या छायाचित्रापेक्षाही मोलाचे आहे.

पुराची नोंद ठेवण्याची सोय तर कोल्हापूरला आधीपासूनच आहे. राजाराम बंधाऱ्यावरील पाण्याची पातळी पावसाळ्यात प्रशासन जाहीर करते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी शहरातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ती ५५ फुटांच्या वर गेली. पण बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी असताना आपल्या गल्लीच्या तोंडाशी, सार्वजनिक शौचालयाच्या पायरीशी आणि शेवटच्या घराच्या उंबऱ्याशी पाणी कोठे असते, हे कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडत नाही. भिंतीवर फुटांच्या खुणा करून, पाणी चढताना सुरक्षित जागेवरून छायाचित्रे घेऊन आणि प्रत्येकासमोर त्या वेळची जाहीर पातळी लिहून वस्तीने हा तक्ता स्वतः करावा. इशारा पातळीच्या आधीच ज्या घरांत नाल्याचे पाणी शिरते, त्यांच्या स्थलांतराची आणि पंचनाम्याची मागणी त्या तक्त्याच्या आधारे करता येते. चढत्या पाण्यात उतरून मात्र कोणीही छायाचित्र घेऊ नये.

वास आणि धूर यांचे छायाचित्र येत नाही. लाईन बाजारच्या कचरा प्रकल्पाच्या परिसरासारख्या ठिकाणी हीच मोठी अडचण असते. तेथे रोजची वही उपयोगी पडते: वाऱ्याची दिशा, वास सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, डोळे चुरचुरणे, खोकला, आणि भर उन्हाळ्यात बंद करावी लागलेली खिडकी. त्या बंद खिडकीचे छायाचित्र त्या नोंदीशेजारी लावावे.

जमखान्यावरची बैठक

मला या कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच वाटतो, आणि घाईच्या कामात नेमका हाच गाळला जातो. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाने आपली दोन-तीन छायाचित्रे निवडून ती कागदावर छापून आणावीत. मोबाइलच्या पडद्यावर दहा जणांना एकत्र पाहता येत नाही. समाजमंदिरात किंवा कोणाच्या अंगणात जमखाना अंथरून ती मांडावीत आणि ज्याने छायाचित्र काढले त्याला आधी बोलू द्यावे. फोटोव्हॉइसमध्ये पाच प्रश्न क्रमाने विचारले जातात: येथे काय दिसते, प्रत्यक्षात काय चालले आहे, त्याचा आपल्या जगण्याशी काय संबंध आहे, हे असे का आहे, आणि याबाबत आपण काय करू शकतो. चौथ्या प्रश्नावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. “पालिकेचे लोक येत नाहीत” या उत्तराशी थांबू नये. ते का येत नाहीत, रस्ता अरुंद आहे म्हणून की वस्ती त्यांच्या यादीतच नाही म्हणून, हे शोधल्याशिवाय नेमकी मागणी तयार होत नाही.

बोलणे वडारी, कैकाडी, गोरमाटी अशा ज्या बोलीत होईल, त्याच बोलीत लिहून घ्यावे आणि खाली मराठी मजकूर द्यावा. छायाचित्राखालचे वाक्य कार्यकर्त्याने सुधारू नये. स्त्रियांची एक बैठक वेगळी घ्यावी. शौचालय, अंधार आणि पाळीच्या काळातील पाणी यांविषयी त्या पुरुषांसमोर बोलत नाहीत.

नोंद, साठवण आणि पुरावा

प्रत्येक छायाचित्राला क्रमांक द्यावा आणि वहीत तारीख, वेळ, जागा, काढणाऱ्याचे नाव किंवा त्याने निवडलेले टोपणनाव, सोबत कोण होते आणि काय दिसले, एवढे त्याच दिवशी लिहावे. चित्रावर तारीख व ठिकाण छापणारी अ‍ॅप्स सोयीची आहेत, परंतु मूळ फाइल तशीच राहू द्यावी. तिच्यात फोनने केलेली वेळेची नोंद असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवलेल्या छायाचित्राचा दर्जा कमी होतो आणि ही नोंद निघून जाते, म्हणून मूळ फाइल केबलने किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. उजेड वाढवणे, रंग गडद करणे, कडा कापणे हे तक्रारीच्या प्रतीवर अजिबात करू नये. तीन प्रती असाव्यात आणि त्यांतील एक वस्तीतच, गटाने निवडलेल्या घरी असावी.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार छायाचित्रासारखी इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात देताना विहित नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. प्रकरण तेथपर्यंत जाईल असे दिसू लागताच छायाचित्र ज्या फोनमध्ये काढले तो फोन विकू किंवा फॉरमॅट करू नये, आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. पर्यावरणाच्या वादासाठी तक्रारीचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांची आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, हे ध्यानात ठेवले नाही तर वर्षभराची मेहनत उशिरामुळे वाया जाऊ शकते.

कोणाच्या टेबलावर न्यावे

एका निवेदनात एकच मागणी आणि तिला जोडलेली पाच-सहा छायाचित्रे, एवढेच ठेवावे. शंभर छायाचित्रांचा गठ्ठा कोणी उघडत नाही. कचरा, गटार आणि शौचालय यांसाठी महापालिकेचे विभागीय कार्यालय व आरोग्य निरीक्षक. कारखान्याचे सांडपाणी किंवा नदीतील मासे मेल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कोल्हापूर कार्यालय. पुराबाबत जिल्हाधिकारी कार्यालयातील आपत्ती व्यवस्थापन. निवेदन आवक विभागात देऊन शिक्का व क्रमांकासह पोहोच घेतल्याशिवाय परतू नये. उत्तर न आल्यास महिन्याच्या पहिल्या सोमवारच्या लोकशाही दिनात विषय न्यावा, आणि दहा रुपयांच्या माहिती अधिकार अर्जाने आपल्या निवेदनावर कोणती कार्यवाही झाली हे विचारावे. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी नमुना घ्यायला आले, तर गटातील दोघांनी तेथे हजर राहून जागा दाखवावी आणि पंचनाम्याची प्रत मागावी.

प्रदर्शन आधी वस्तीतच भरवावे. आपले चित्र शहराने पाहण्याआधी शेजाऱ्याने पाहावे, आणि कोणाला काही खटकले तर ते तेथेच उतरवता यावे. त्यानंतर तालमीत, शाळेत किंवा दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात ते नेता येईल, आणि तेथे चित्रांशेजारी उभे राहून बोलण्याचे काम ती काढणाऱ्यांनीच करावे. वर्तमानपत्राला देताना छायाचित्राखालची ओळ बदलू नये ही अट लेखी घालावी.

“काम पूर्ण झाले” असे उत्तर आले की गटाचे काम संपत नाही. त्याच रंगाच्या खुणेवर उभे राहून लगेच, एका महिन्याने आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर अशी तीन छायाचित्रे घ्यावीत. गटार बांधल्याचा दावा असेल, तर माहिती अधिकारात त्या कामाची मोजमाप पुस्तिका व देयकाची प्रत मागून त्यातील लांबी-रुंदी टेप लावून पडताळावी, टेपसह छायाचित्र घ्यावे, आणि फरक आढळल्यास मूळ निवेदनाच्या पोहोच क्रमांकाचा उल्लेख करून ही सर्व कागदपत्रे त्याच कार्यालयात पुन्हा दाखल करावीत.